‘क्लॅन्डेस्टिन’ लिहिलं आणि गाव-मुंबई बिनसलं

पत्र थोडक्यात: राजापूर तालुक्यातल्या एका गावातून निवृत्त प्राथमिक शिक्षकांचं पत्र आलं आहे. (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.) ग्रामदेवतेच्या देवस्थान ट्रस्टचे ते सहा वर्षं चिटणीस आहेत. ट्रस्टवर नऊ विश्वस्त, पाच गावात राहणारे आणि चार मुंबई-ठाण्याचे. शिमगा उरकल्यावर एक जमीनदलाल सड्यावर, म्हणजे गावाजवळच्या कातळ-पठारावर, फिरू लागला आणि देवस्थानच्या कातळाबद्दल विचारपूस करू लागला. तेव्हा गावातले पाच विश्वस्त एका रात्री सभामंडपात बसले. दलालाला कुणी दाद द्यायची नाही आणि जमिनीची सरकारी मोजणी करून घ्यायची, एवढंच ठरलं. गुरुजींनी वहीत ‘गोपनीय सभा’ अशी नोंद केली.

पुढे देवळाच्या छपराला देणगी देणाऱ्या, कॅनडात स्थायिक झालेल्या गावच्याच एका कुटुंबाने वर्षभराची इतिवृत्तं इंग्रजीत मागितली. त्यांच्या मुलांना मराठी वाचता येत नाही. गुरुजींनी रात्री जागून अकरा सभांचं भाषांतर केलं. ‘गोपनीय’ अडलं, म्हणून मोबाइलवरच्या शब्दकोशात ‘गुप्त’ टाकून पाहिलं. आलेल्या यादीत ‘क्लॅन्डेस्टिन’ हा शब्द त्यांना भारदस्त वाटला, तो त्यांनी लिहिला. तो कागद फिरत फिरत मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचला. कुणीतरी खाली अर्थ टाकला, ‘बेकायदेशीरपणे, चोरून केलेली’. आता ‘तुमच्याच चिटणिसाने लिहून दिलंय’ असं म्हणत मुंबईकर जमीन विकल्याचा संशय घेताहेत. गुरुजी विचारतात, या शब्दाचा अर्थ खरंच इतका वाईट आहे का? एक हितचिंतक सांगतात की नवा कागद टाइप करून जुना गुपचूप बदलून टाका. तसं करू का? की राजीनामा देऊन मोकळा होऊ?

गुरुजी, नमस्कार.

‘छत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या आणि आता माझ्याच वहीवर गावाने लाल रेघ मारली’ हे तुमचं वाक्य वाचून मला फार वाईट वाटलं. म्हणून आधी शब्दाचं बघू, निदान ते एक ओझं उतरेल. बाकीचं जरा अवघड आहे, त्याकडे नंतर येते.

शब्द चुकला, हे खरं. पण ग्रुपवर टाकलेला अर्थही पुरता बरोबर नाही. क्लॅन्डेस्टिन (शेवटी ‘टाइन’ म्हणणारेही आहेत, तेही चालतं) म्हणजे लपूनछपून, कुणाला पत्ता लागू नये अशा बेताने केलेलं. त्यात बेकायदेशीरपणा असलाच पाहिजे असं काही नाही. मराठीत त्याच्या सगळ्यात जवळचा शब्द मला ‘चोरटा’ वाटतो. चोरटी भेट, चोरटा व्यापार. चोरट्या भेटीत कुणी काही चोरत नाही, तरी ऐकणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. तुम्ही लिहायला गेलात ‘गोपनीय सभा’ आणि कागदावर उमटली ‘चोरटी सभा’. मुंबईकरांचं डोकं फिरलं ते यामुळे.

तुमचा घोळ कुठे झाला तेही मला कळतं. तुम्ही मराठी ‘गुप्त’च्या दारातून आत शिरलात, आणि आपल्या भाषेत या शब्दाला मान आहे. संस्कृत ‘गुप्’ म्हणजे राखणं, सांभाळणं. गोपनीय म्हणजे राखण्याजोगं. देवस्थानच्या पावतीपुस्तकात ‘एक भक्त, गुप्तदान’ असं तुम्हीच किती वेळा लिहिलं असेल. ते लिहिताना देणाऱ्याबद्दल आदरच वाटतो. निवडणुकीतलं गुप्त मतदान तर आपला हक्क आहे. आता हीच दोन उदाहरणं इंग्रजीत न्या. गुप्त मतदानाला तिथे ‘सीक्रेट बॅलट’ म्हणतात. आणि गुप्तदानाला कुणी ‘क्लॅन्डेस्टिन डोनेशन’ म्हटलं, तर वाचणाऱ्याला लाचलुचपतीचा वास येईल. क्लॅन्डेस्टिनचं कूळ लॅटिन आहे, ‘क्लाम’ म्हणजे नकळत, चोरून. लपवणं या अर्थाच्या ज्या धातूपासून ‘कन्सील’ आला त्याच्याच नात्यातला. आपला गुप्त राखणाऱ्यांचा, त्यांचा क्लॅन्डेस्टिन लपणाऱ्यांचा. मोबाइलवरच्या यादीत मात्र हे सगळे खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि कुणाच्या कपाळावर त्याचं कूळ लिहिलेलं नसतं.

या शब्दाची एक जुनी हकिकत सांगते, कारण तुमच्या प्रकरणाशी तिचा संबंध आहे. इंग्लंडमध्ये १७५३ साली लग्नांविषयी एक कायदा झाला. लॉर्ड हार्डविक यांच्या नावाने तो ओळखला जातो, पण त्याच्या पूर्ण नावात हाच शब्द आहे: क्लॅन्डेस्टिन लग्नांना अधिक चांगला आळा घालण्यासाठीचा कायदा. ही कसली लग्नं? नवरा-नवरी राजी, लावून देणारा पाद्री खराखुरा, विधीही झालेला. लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास अशी लग्नं ढिगाने लागत. मग खटकत काय होतं? लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार जाहीर पुकारा करायचा किंवा परवाना काढायचा, ही रीत. कुणाची हरकत असेल तर त्याला उठून बोलता यावं म्हणून तो पुकारा असे. या लग्नांत तोच टाळलेला असायचा. म्हणजे ज्यांना कळायला हवं होतं, ज्यांना विचारण्याचा हक्क होता, नेमकं त्यांनाच अंधारात ठेवलेलं. शब्दाचा खरा काटा इथे आहे. लग्न खोटं नसूनही त्याला हे विशेषण चिकटलं.

सगळीकडे तो वाईटच अर्थाने येतो असंही नाही. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवला. इंग्रजीत त्याला क्लॅन्डेस्टिन रेडिओच म्हणतात. मराठीत आपण तिथे ‘भूमिगत’ म्हणतो आणि अभिमानाने म्हणतो. पण तिथे ज्यांच्यापासून लपायचं होतं ते परके सरकार होतं. आपल्या किनाऱ्यावर रात्री उतरणाऱ्या चोरट्या मालालाही इंग्रजी बातम्यांत हाच शब्द लागतो. १९९३ मध्ये रायगडातल्या शेखाडीला स्फोटकं उतरली, त्यानंतर तर कोकणच्या बंदरांवरच्या रात्रीच्या हालचाली म्हटल्या की लोकांच्या पोटात गोळा यायचा. इतकं सगळं त्या एका शब्दाच्या पाठीशी उभं असतं.

आणखी एक खूण ध्यानात ठेवा. हा शब्द बहुधा दुसरा माणूस वापरतो, करणारा स्वतःबद्दल वापरत नाही. पोलीस म्हणतील, पत्रकार म्हणतील, विरोधी पार्टी म्हणेल. आपल्याच सभेच्या इतिवृत्तात आपणच असं लिहिलं की वाचणाऱ्याला तो कबुलीजबाब वाटतो. ‘तुमच्याच चिटणिसाने लिहून दिलंय’ या वाक्याला जी धार आली ती इथून.

मग तिथे काय लिहायला हवं होतं? विषय राखून ठेवायचा असेल तर ‘कॉन्फिडेन्शियल’. हाही लॅटिनच, पण त्याच्या पोटात भरवसा आहे. ‘कॉन्फिडन्स’ त्याचाच भाऊ. ज्यांच्यावर भरवसा आहे त्यांच्यापुरतं, बाहेर जाऊ न देण्याचं. बाहेरच्यांना प्रवेश नसलेल्या सभेला ‘क्लोज्ड मीटिंग’ पुरतं. कोर्टाची बंद दाराआडची सुनावणी ‘इन कॅमेरा’ असते; त्यातला कॅमेरा म्हणजे लॅटिनमधली खोली, चित्रीकरणाशी त्याचा संबंध नाही (हे लिहिते कारण एका वाचकाने ‘आमची सभा इन कॅमेरा झाली’ असं मोबाइलवर चित्रण केलेल्या सभेबद्दल लिहून पाठवलं होतं). बोभाटा न करता, समोरच्याची अब्रू सांभाळून केलेल्या गोष्टीला ‘डिस्क्रीट’. आणि कुणाची नजर चुकवून चटकन केलेल्या बारीकशा कृतीला ‘सरेप्टिशस’, म्हणजे पंगतीत आजीने नातवाच्या पानात हळूच दुसरा मोदक सरकवावा तसं. तुमच्या पदाचं नावसुद्धा याच घरातलं आहे. सेक्रेटरी हा शब्द ‘सीक्रेट’पासून आला, गुपितं सोपवलेला माणूस. आपला चिटणीस मात्र चिठ्ठ्या लिहिणारा.

कॉन्फिडेन्शियल म्हणजे काय ते मी शब्द शिकायच्या कितीतरी आधी पाहिलं होतं. माझं लहानपण गुहागरच्या बाजूला गेलं. गावची निम्मी घरं मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर चालत. मनीऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी दोन ओळी लिहायला जागा असे, तेवढाच निरोप. माझा काका गिरणीत होता. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि दोन महिन्यांत मनीऑर्डर बंद झाली. मग एक दिवस निळं इनलँड पत्र आलं. आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने शाळेच्या मास्तरांना बोलावलं. पडवीत न बसवता मागीलदारी नेलं, पाटावर बसवलं, मला माडाकडे खेळायला पिटाळलं. मी दगडी डोणीआड उभी राहून सगळं ऐकलं. काका हातगाडीवर कांदे-बटाटे विकत होता आणि ‘सासरवाडीला एवढं कळू देऊ नका’ असं त्याने लिहिलं होतं. मास्तरांनी वाचून पत्राची घडी घातली, आजीच्या हातात दिली, चष्मा पुसला आणि मोठ्याने विचारलं, ‘काकू, यंदा भात कुठलं पेरताय?’ बस्स. काकाच्या सासरचं घर मास्तरांच्या घराला लागून होतं, मधे फक्त एक गडगा. तरी गणपतीला काका येऊन स्वतः सांगेपर्यंत तिकडे काही कळलं नाही.

त्या मास्तरांची आठवण मला तुमचं पत्र वाचताना आली. गुपित आजीचं आणि काकाचं होतं, मास्तरांकडे ते फक्त राखायला दिलं होतं. त्यांनी गावापासून ते राखलं. आजीपासून एक ओळ त्यांनी लपवली असती तर मात्र गोष्ट पार वेगळी झाली असती.

आणि गुरुजी, आता ते अवघड.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरतं येतं: ‘मुंबईकरांना मुद्दामच कळवलं नाही, कारण तिथे एकाच्या कानावर गेलं की संध्याकाळपर्यंत दलालाच्या कानावर.’ ते मी तीन वेळा वाचलं. तुम्ही धरून चालला आहात की सगळा राग एका इंग्रजी शब्दाचा आहे. शब्द बदलला की राग निवेल. पण नऊ विश्वस्तांपैकी चौघांना सभा होणार हेही ठाऊक नव्हतं आणि झाली हेही ठाऊक नव्हतं. ते गावकरी म्हणून नव्हे, विश्वस्त म्हणून बाहेर राहिले. इंग्लंडातल्या त्या लग्नांसारखं इथे विधीत खोट नव्हती, पुकारा राहिला होता. तुमचा शब्द अजाणता पडला, पण पडला तो नेमका दुखऱ्या जागी.

म्हणूनच त्या जागी ‘कॉन्फिडेन्शियल’ लिहिलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं, असं मला म्हणवत नाही. इंग्रजी बरोबर झालं असतं, कुणाची भुवई वर गेली नसती, आणि चार विश्वस्तांना न सांगता सभा झाली ही गोष्ट एका सभ्य शब्दाखाली निवांत झाकून राहिली असती. तुमची वहीतली मराठी नोंदही तेच करते. ‘गोपनीय सभा’ वाचून कोणालाही वाटेल की नऊच्या नऊ जण दार लावून बसले होते.

तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाही. सड्यावरच्या जमिनीला भाव आला की काय होतं ते आपण सगळे बघतो आहोत. सामाईक सातबारा, निम्म्या वारसांचे पत्ते मुंबईत, कुठल्यातरी चुलतभावाची मुखत्यारपत्रावर सही, आणि मग एक दिवस कातळावर तारेचं कुंपण. ज्याला गाव राखायचं आहे त्याला गप्प बसून हालचाल करावी लागते, हे मला मान्य आहे. दलालाला मोजणीचा सुगावा लागू द्यायचा नाही हे तुमचं म्हणणंही योग्यच होतं. मला खटकलं ते एवढंच, की ‘चाकरमान्याच्या पोटात काही राहत नाही’ हे तुम्ही सिद्ध झाल्यासारखं लिहिता. पाच गाववाल्यांपैकी कुणाच्या तोंडून दलालाला काही कळणार नाही याची खात्री तुम्हाला होती, मग या चौघांबद्दलच का नव्हती? ते दरवर्षी रजा टाकून पालखीला खांदा द्यायला येतात. वर्गणीचा मोठा वाटा त्यांचा. एखाद्यावर संशय असेल तर तसं त्याला एकट्याला विचारता आलं असतं. चौघांनाही वगळलं की चौघांनाही तोच संशय चिकटतो, आणि आज त्यांनी तो तुमच्याकडे परत पाठवला आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कागद गुपचूप बदलण्याचा. गुरुजी, कृपा करून हे करू नका. ज्या शब्दापायी एवढं झालं त्याचं अगदी चपखल उदाहरण तुम्ही स्वतःच्या हाताने तयार कराल. शिवाय जुन्या कागदाचा फोटो कॅनडापासून कळव्यापर्यंत चाळीस फोनमध्ये पडलेला आहे. इतिवृत्ताच्या वहीतही खाडाखोड नको, पांढरी शाई नको, पान चिकटवणं तर नकोच. चुकलेली नोंद चुकलेलीच राहू द्यावी आणि पुढच्या तारखेला तिची दुरुस्ती लिहावी. शुद्धिपत्राचा मजकूर मी असा लिहिला असता, तुमच्या पद्धतीने बदलून घ्या:

‘अमुक तारखेच्या बैठकीच्या इंग्रजी भाषांतरात मी क्लॅन्डेस्टिन हा शब्द लिहिला. मूळ मराठी नोंदीत गोपनीय असा शब्द आहे. भाषांतर चुकलं, ती चूक माझी. या बैठकीची सूचना मुंबई-ठाण्याच्या चार विश्वस्तांना दिलेली नव्हती. ती द्यायला हवी होती. बैठकीत देवस्थानची जमीन विकण्याचा वा भाड्याने देण्याचा कोणताही ठराव झालेला नाही. मोजणीचा विषय सर्व विश्वस्तांच्या सभेत मंजुरीसाठी ठेवण्यात येईल.’

सोबत मराठी नोंदीच्या पानाची छायाप्रत जोडा. कॅनडाच्या प्रतीत मात्र सरळ ‘इन्फॉर्मल मीटिंग ऑफ फाइव्ह ट्रस्टीज’ लिहा आणि बाकीच्यांना नोटीस गेली नव्हती हे पुढच्याच वाक्यात घाला. हे शुद्धिपत्र ग्रुपवर टाकण्याआधी त्या चौघांना एकेकाला फोन करा. मजकूर फोनवर वाचून दाखवा. त्यांना ते ग्रुपवर वाचून कळलं तर तुम्ही दुसऱ्यांदा तेच केलंत असं होईल.

‘ती द्यायला हवी होती’ हे वाक्य गाळण्याचा मोह होईल. गावातले बाकीचे चार विश्वस्तही म्हणतील, एवढं कशाला लिहायचं? पण सूचना किती दिवस आधी द्यायची आणि किती जण हजर असले की कोरम होतो हे तुमच्या ट्रस्टच्या घटनेत असतंच. घटना काढून एकदा वाचा. नऊपैकी पाच हजर होते म्हणून कोरम भरला असेलही, पण सूचनाच न दिलेल्या सभेत कोरम मोजून उपयोग नाही. त्या रात्रीला सभा न म्हणता पाच विश्वस्तांची अनौपचारिक बैठक म्हणणंच खरं ठरेल.

जमीन विकल्याच्या संशयाला उत्तर कायद्यात आहे आणि ते मुंबईकरांना शांतपणे दाखवता येईल. नोंदणी झालेल्या सार्वजनिक ट्रस्टला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. त्याच्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला, अदलाबदल करायला वा बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तरी तीच अट. म्हणजे पाच जणांनी रात्री सभामंडपात बसून कातळ विकून टाकला, असं होणं शक्यच नाही. ताजा सातबारा काढून शुद्धिपत्राला जोडलात तर चार वाक्यांचं काम एक कागद करेल.

राजीनामा? आत्ता नको. रागाच्या भरात दिलेला राजीनामा मुंबईत कबुली म्हणून वाचला जाईल आणि मोजणीचं काम अर्ध्यावर लटकेल. गणपतीला सगळे येतील. गौरी-विसर्जन झाल्यावर एखादा दिवस धरून नऊही विश्वस्तांची रीतसर सूचना दिलेली सभा बोलवा. सभेच्या सुरुवातीला तुमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालायची पद्धत असेलच. गाऱ्हाणं कुणी कुजबुजत घालत नाही; ‘व्हय महाराजा’ म्हणायला सगळ्यांना ऐकू यावं लागतं. त्यानंतर पहिला विषय म्हणून शुद्धिपत्र तुम्ही स्वतः वाचा. चिटणीसपद दुसऱ्याकडे द्यावं असं तेव्हाही कुणाला वाटलं तर जरूर द्या, पण दप्तर नीट करून, मान वर ठेवून द्या.

इंग्रजी लिहिणं बंद करतो म्हणता, त्याचीही गरज नाही. पुढच्या वेळी शब्द सापडला की शब्दकोश उलटा करून बघा. म्हणजे ‘गुप्त’वरून क्लॅन्डेस्टिन मिळाला, की क्लॅन्डेस्टिन टाकून मराठी अर्थ पाहा. तिथे चोरटा, छुपा दिसला असता आणि तुम्ही तिथेच थांबला असता. त्याहून चांगलं म्हणजे त्या शब्दाची इंग्रजी उदाहरणवाक्यं वाचा. कुणाबरोबर बसतो-उठतो ते पाहिलं की माणूस ओळखू येतो, शब्दांचंही तसंच आहे. हा शब्द बसतो तस्करी, हेरगिरी, चोरून केलेली लग्नं यांच्याबरोबर. आणि भारदस्त वाटतो म्हणून शब्द घेऊ नका. शाळेत मुलांना तुम्ही हेच सांगत आला असाल.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्या चिटणिसांसाठीही थोडं लिहिते, कारण गृहनिर्माण सोसायटी असो, बचत गट असो की मच्छीमार संस्था, अशी पत्रं मला अधूनमधून येतात. इतिवृत्तात गुप्त, गोपनीय, खासगी यांतलं काहीही लिहिण्याआधी स्वतःला विचारा की हे नेमकं कुणापासून राखायचं आहे. बाहेरच्यापासून असेल तर तसं लिहून टाका. आतल्यापासून असेल तर कुठलाच शब्द ते सावरून घेणार नाही, आधी कृती बदलायला हवी. दुसरं म्हणजे गोपनीयतेला मुदत घाला: ‘मोजणी पूर्ण होईपर्यंत हा विषय सभासदांपुरता मर्यादित राहील.’ एवढ्या एका ओळीने वाचणाऱ्याला कळतं की पुढे हे उघड होणार आहे. आणि सूचनेत सगळा तपशील द्यावा लागत नाही. ‘देवस्थानच्या मालमत्तेबाबत’ एवढा विषय लिहून नोटीस पाठवता येते, बाकीचं सभेत बोलता येतं. लांबचा सभासद व्हिडिओ कॉलवर बसू शकतो का, हे आपल्या घटनेत पाहून घ्या. बसता येत नसलं तरी त्याला ऐकू द्यायला कुणाची हरकत नसावी.

ग्रुपवर अर्थ टाकणाऱ्या त्या मुलाने हे वाचलं तर त्याला एक विनंती. तू अर्थ शोधलास, चांगलं केलंस. पण ज्यांनी तुझ्या वडिलांना कदाचित पाढे शिकवले असतील त्यांना आधी एक फोन करता आला असता.

गुरुजी, गणपतीला अजून वेळ आहे, पण फोन या आठवड्यातच करा. ज्याच्याशी सगळ्यात जास्त बिनसलंय त्याच्यापासून सुरुवात करा. सभेच्या दिवशी इतिवृत्ताची वही टेबलावर उघडीच ठेवा आणि त्या रात्रीच्या पानात कागदाची एक खूण घाला, म्हणजे कुणालाही पानं उलटत शोधत बसावं लागणार नाही.